सवलत आणि तिचे मोल : प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढणाऱ्यांसाठी प्रस्तावना

धंदा दोन-तीन वर्षे टिकला, उलाढाल वाढली, एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाने "तुमची कंपनी रजिस्टर आहे का?" असे विचारले, की पुढचा सल्ला ठरलेला असतो : आता प्रायव्हेट लिमिटेड करून टाका. सीए कागदांची यादी पाठवतो. पॅन, आधार, फोटो, लाइट बिल, जागामालकाचे संमतिपत्र. मोबाइलवर ओटीपी येतात, ते लगोलग सांगितले जातात. काही दिवसांनी नोंदणीचे प्रमाणपत्र ईमेलने येते आणि फ्रेम होऊन ऑफिसच्या भिंतीवर लागते. या सगळ्या धावपळीत एक काम बहुधा राहून जाते. आपण सही कशावर केली, ते वाचण्याचे.

हे पुस्तक त्या वाचनासाठी आहे. फॉर्म कसा भरायचा हे सांगणारे साहित्य आज मुबलक आहे, आणि फॉर्म भरून देणारी माणसेही गल्लोगल्ली आहेत. पण कायदा अमुक कागद का मागतो, तो दिल्यावर आपण कशाला बांधले जातो आणि बदल्यात आपल्याला नेमके काय मिळते, हे मराठीत सलग सांगितलेले फारसे आढळत नाही. त्यामुळे कंपनी कायदा म्हणजे सरकारने उद्योजकाच्या वाटेत टाकलेले काटे, अशीच सर्वसाधारण समजूत राहते.

माझे म्हणणे उलट आहे आणि या प्रस्तावनेत मला तेवढेच सांगायचे आहे. मर्यादित जबाबदारी ही समाजाने व्यापाऱ्याला दिलेली फार मोठी सवलत आहे. कंपनी स्थापनेच्या सगळ्या अटी हे त्या सवलतीचे मोल आहे. ते मोल सरकारला नव्हे, तर तुमच्याशी उधारीने व्यवहार करणाऱ्या परक्या माणसाला द्यायचे असते, आणि ते बहुतांशी माहितीच्या रूपाने द्यायचे असते. एखादी अट जाचक वाटली, तर क्षणभर आपली खुर्ची सोडून त्या माणसाच्या खुर्चीत बसून पाहावे. अटीचे कारण तिथून स्वच्छ दिसते.

आधी सवलत किती मोठी आहे ते पाहू. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात धंदा आणि मालक यांच्यात कायद्याला भिंत दिसत नाही. दुकानाचे कर्ज म्हणजे मालकाचे कर्ज. भागीदारीत तर त्याहून कठीण. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 25 प्रमाणे भागीदारीच्या देण्यांना प्रत्येक भागीदार इतरांबरोबर जबाबदार असतोच, शिवाय एकटाही जबाबदार असतो. दोघांपैकी एक परागंदा झाला, तर सावकार दुसऱ्याकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. त्यात त्याचे घर आले, गावाकडची वाटणीची जमीन आली, बँकेतली ठेव आली. कंपनीत मात्र एखाद्याने 10 रुपयांचे 10,000 शेअर घेतले आणि त्यांचे 1 लाख रुपये पूर्ण भरले, की भागधारक म्हणून त्याचे देणे संपले. कंपनी कोटभर रुपयांना बुडाली तरी त्याचे गेले ते लाखच.

बाकीचे 99 लाख कुठे गेले? तोटा हवेत विरत नाही. तो सूत पुरवणाऱ्याच्या, ट्रान्सपोर्टवाल्याच्या, दोन महिन्यांचा पगार अडकलेल्या कामगाराच्या माथी जातो. कंपनीची स्वतःची जबाबदारी अमर्याद असते, आपल्या मालमत्तेतल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ती देणे लागते. मर्यादा आहे ती भागधारकांना. म्हणून सवलत देताना कायदा त्या पुरवठादाराच्या वतीने विचारतो : तुम्ही कोण? राहता कुठे? करणार काय? घरचे पैसे किती घातलेत? कारभार कोण बघणार? दरवर्षी हिशेब दाखवाल का? कंपनी स्थापनेचा जवळजवळ प्रत्येक कागद या प्रश्नांपैकी एखाद्याचे उत्तर असतो.

हे प्रश्न एकाच दिवशी कुणाला सुचलेले नाहीत. हिंदुस्थानात कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा 1850 चा. त्यात नोंदणी होती, पण मर्यादित जबाबदारी नव्हती. ती 1857 च्या कायद्याने आली, आणि तेव्हाही बँका व विमा कंपन्यांना वगळून. 1860 मध्ये बँकांनाही मुभा मिळाली. पुढच्या पाचच वर्षांत या मुभेचे काय होऊ शकते ते मुंबईने पाहिले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा मावेना. नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघू लागल्या. बॅक बे रिक्लमेशन कंपनीच्या शेअरमागे शहर वेडे झाले. प्रेमचंद रायचंद हे त्या काळच्या सट्ट्यातले सर्वांत मोठे नाव. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, ती बातमी मुंबईत पोहोचली, कापसाचे भाव कोसळले आणि कागदावरच्या कंपन्या पत्त्यांसारख्या पडल्या. त्या पडझडीतून सरकारी पाठबळ असलेली बँक ऑफ बॉम्बेही सावरली नाही, 1868 मध्ये ती बंद झाली.

त्यानंतर 1866, 1882, 1913, 1956 आणि 2013 असे एकामागून एक कायदे आले. खासगी कंपनी हा प्रकार आपल्याकडे 1913 च्या कायद्याने रुजवला. मोजकी माणसे, शेअर बाहेर विकण्यावर बंधन, जनतेकडून पैसे मागायला मनाई, आणि त्या बदल्यात काही अटींतून सुटका. त्याच काळात महाराष्ट्रातले उद्योगही या साच्यात येऊ लागले. बेळगावातल्या सायकल दुकानापासून सुरुवात करून 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची किर्लोस्कर ब्रदर्स 1920 मध्ये लिमिटेड कंपनी झाली. भावाभावांचा धंदा भावांच्या हयातीपलीकडे टिकवायचा, तर त्याला स्वतंत्र कायदेशीर देह हवा, ही जाण आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीची आहे.

त्या स्वतंत्र देहाचा दाखला म्हणून जगभर शिकवला जाणारा खटला लंडनच्या एका चर्मव्यापाऱ्याचा आहे. ॲरन सॉलोमन याचा बुटांचा चांगला चालता धंदा होता. 1892 मध्ये त्याने तो स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. त्या वेळी किमान सात सभासद लागत. तो स्वतः, पत्नी, मुलगी आणि चार मुलगे असे सात जण झाले. घरच्या सहा जणांकडे एकेक शेअर, बाकीचे वीस हजारांवर त्याच्याकडे. विक्रीच्या किमतीपैकी 10,000 पौंडांपोटी त्याने कंपनीकडून तारणी कर्जरोखे घेतले, म्हणजे आपल्याच कंपनीचा तो सावकार झाला. कंपनी बुडाली तेव्हा प्रश्न आला, की ही कंपनी म्हणजे सॉलोमनच ना? खालच्या न्यायालयांनी "होय" म्हटले. हाउस ऑफ लॉर्ड्सने नोव्हेंबर 1896 मध्ये एकमताने "नाही" म्हटले. कायद्याच्या अटी पुऱ्या झाल्या असतील, तर कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, आणि सभासदांचे हेतू काय होते हे धुंडाळत बसण्याचे कारण नाही. या निकालातला "अटी पुऱ्या झाल्या असतील, तर" हा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. पुस्तकाचा मोठा हिस्सा त्या अटींचा आहे.

आता 2013 च्या कायद्यातल्या अटींकडे येऊ. प्रत्येकीचा तपशील पुढील प्रकरणांत आहेच. इथे फक्त त्यांचे मर्म सांगतो.

पहिली अट माणसांची. प्रायव्हेट कंपनीला किमान 2 सभासद आणि 2 संचालक लागतात, सभासद जास्तीत जास्त 200. तीच दोन माणसे सभासद आणि संचालक दोन्ही असू शकतात. संचालकांपैकी निदान एकाने आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहिलेले असावे लागते. कारण उघड आहे. नोटीस बजावायची झाली तर हाताला लागेल असा कुणीतरी देशात हवा. प्रत्येक संचालकाला आयुष्यभराचा एकच ओळखक्रमांक मिळतो. त्याला सगळे 'डिन' म्हणतात. उद्या तो माणूस दहा कंपन्यांत असो, हा क्रमांक त्याच्या सगळ्या कंपन्यांचा धागा जोडून ठेवतो.

या अटीची सर्वांत मोठी हेळसांड आपल्या घरांतच होते. दुसरा संचालक हवा म्हणून पत्नीचे, आईचे किंवा धाकट्या भावाचे नाव घातले जाते. "तुला काही करायचे नाही, फक्त सही" असे सांगितले जाते. कायद्याला सहीपुरता संचालक ठाऊक नाही. कलम 166 मधली कर्तव्ये सगळ्या संचालकांना सारखीच लागू आहेत. कंपनीने सलग तीन वर्षे ताळेबंद किंवा वार्षिक विवरण दाखल केले नाही, तर कलम 164 प्रमाणे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, आणि त्या यादीत काहीच न केलेल्या आईचेही नाव असते. 2017 मध्ये सरकारने दोन लाखांहून अधिक निद्रिस्त कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली आणि तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरवले. त्यांतल्या अनेकांना आपण संचालक आहोत याची आठवण तेव्हा झाली असणार.

दुसरी अट नावाची. नाव आधीच्या कंपनीशी किंवा नोंदलेल्या ट्रेडमार्कशी मिळतेजुळते नको. अनेकवचन केले, दोन शब्द जोडले, स्पेलिंग फिरवले, एवढ्याने नाव वेगळे होत नाही. बँक, विमा, स्टॉक एक्स्चेंज असे शब्द संबंधित नियामकाच्या मंजुरीशिवाय वापरता येत नाहीत. नाव मंजूर झाले की ते 20 दिवस राखून ठेवले जाते. पण मंजुरी म्हणजे मालकी नव्हे. नंतर ट्रेडमार्कधारकाने तीन वर्षांच्या आत तक्रार केली, तर कलम 16 खाली नाव बदलण्याचा आदेश होऊ शकतो. पाट्या, पाकिटे, वेबसाइट सगळे छापून झाल्यावर तो आला की फार महागात पडतो. म्हणून नावाचा शोध कंपन्यांच्या यादीत घ्यावाच, ट्रेडमार्कच्या यादीत आधी घ्यावा.

तिसरी अट पत्त्याची. नोंदणीकृत कार्यालय म्हणजे प्रत्यक्ष धंद्याची जागाच असली पाहिजे असे नाही. राहते घरही चालते. पण तिथे आलेले पत्र स्वीकारणारे कुणीतरी पाहिजे. पत्त्याचा पुरावा म्हणून दिलेले लाइट बिल दोन महिन्यांहून जुने चालत नाही आणि जागा दुसऱ्याची असेल तर त्याचे संमतिपत्र लागते. कार्यालयाबाहेर नाव आणि पत्ता लिहिलेली पाटी हवी. आसपासच्या लोकांची लिपी वेगळी असेल तर ती त्या लिपीतही हवी. म्हणजे साताऱ्यातल्या कंपनीने देवनागरीत पाटी लावणे ही कंपनी कायद्याचीच अट आहे. लेटरहेडवर आणि बिलावर नाव, पत्ता, फोन, ईमेल यांच्यासोबत 21 अक्षर-अंकांचा कंपनी ओळखक्रमांक छापायचा असतो. तो वाचता आला तर कंपनीची कुंडली कळते. शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही, उद्योग कोणता, राज्य कोणते, स्थापना कोणत्या वर्षी आणि प्रकार कोणता, एवढे त्या एका ओळीत असते. महाराष्ट्रातल्या कंपनीत 'एमएच', गोव्यातल्या कंपनीत 'जीए' ही अक्षरे दिसतील.

चौथी अट दोन दस्तऐवजांची. मेमोरँडम ऑफ असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला एमओए, कंपनी बाहेरच्या जगाला काय सांगते ते लिहितो : नाव, राज्य, उद्दिष्टे, सभासदांची मर्यादित जबाबदारी आणि भांडवल. आर्टिकल्स, म्हणजे एओए, घरातल्या कारभाराचे नियम लिहितो : शेअर कुणाला विकता येतील, सभा कशी बोलवायची, संचालक कसा नेमायचा आणि काढायचा. कायद्याच्या परिशिष्टात दोन्हींचे तयार नमुने आहेत. शेअर भांडवलाच्या कंपनीसाठी 'तक्ता अ' आणि 'तक्ता फ'. बहुतेक कंपन्या ते जसेच्या तसे उचलतात. एमओएच्या बाबतीत ते एक वेळ खपते. एओएच्या बाबतीत मात्र तीच भविष्यातल्या भांडणाची पेरणी असते.

दोन मित्र निम्म्या-निम्म्या शेअरची कंपनी काढतात. मैत्रीत हिशेब कशाला, असे म्हणतात. चार वर्षांनी एकाला विस्तार हवा असतो, दुसऱ्याला घर बांधायला पैसे हवे असतात. मतदान एकास एक. ठराव होत नाही, पगार निघत नाही, बँक खात्यावर दोघांच्या सह्या लागत असतील तर धंदा जागच्या जागी गोठतो. एकाने बाहेर पडायचे तर शेअरची किंमत कोण आणि कशी ठरवणार? एकाचा मृत्यू झाला तर त्याचे शेअर वारसांकडे जातील. ते वारस भागीदार म्हणून चालणार आहेत का? याची उत्तरे एओएमध्ये नसतील तर शेवटचा दरवाजा राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा, आणि तिथे वर्षे जातात. लग्न ठरवताना आपण देण्याघेण्याच्या गोष्टी याद्या करून लिहितो. कंपनी काढताना त्याच संकोच सोडलेल्या व्यवहारीपणाने एओए लिहावा.

पाचवी अट भांडवलाची, आणि इथे गैरसमज फार. पूर्वी प्रायव्हेट कंपनीला किमान 1 लाख रुपये वसूल भांडवल लागे. 2015 च्या दुरुस्तीने ती अट गेली. अधिकृत भांडवल म्हणजे जास्तीत जास्त किती रकमेचे शेअर काढता येतील ती मर्यादा, आणि वसूल भांडवल म्हणजे प्रत्यक्ष भरलेली रक्कम. 15 लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलासाठी केंद्राचे नोंदणी शुल्क नाही, पण मुद्रांक शुल्क राज्याचे असते आणि ते राज्याराज्यांत वेगळे असते. वजन पडावे म्हणून कुणी 10 लाख वसूल भांडवल लिहून देतो. मग ते 10 लाख खरोखर कंपनीच्या खात्यात आणावे लागतात. स्थापनेपासून 180 दिवसांत तसे जाहीर करणारा आयएनसी-20ए हा फॉर्म भरल्याशिवाय कंपनीला धंदा सुरू करता येत नाही, कर्जही काढता येत नाही. प्रमाणपत्र भिंतीवर लागले म्हणजे दुकान उघडले, असे नाही.

या सगळ्या माहितीखाली सह्या करायच्या त्या डिजिटल. नाव, स्थापना, पॅन, टॅन हे सारे 2020 पासून 'स्पाइस प्लस' नावाच्या एकाच अर्जात येते. त्याला जोडलेल्या दुसऱ्या फॉर्ममधून भविष्यनिर्वाह निधी, राज्य कामगार विमा, बँक खाते, हवा असेल तर जीएसटी आणि महाराष्ट्रात व्यवसाय कर अशा नोंदण्याही होतात. छाननी हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रात होते. स्थापनेनंतरचा संबंध मात्र आपल्या निबंधक कार्यालयाशी येतो. अर्जासोबत सीए, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाउंटंट किंवा वकील यांपैकी एकाचे, आणि सभासद व संचालकांचे, सर्व अटी पाळल्याचे निवेदन जाते. ते निवेदन खोटे निघाले तर दोन गोष्टी घडू शकतात. एक, फसवणुकीचा खटला. दुसरी फारशी कुणाला ठाऊक नसते. कलम 7 प्रमाणे न्यायाधिकरण अशा कंपनीच्या सभासदांची जबाबदारी अमर्याद ठरवू शकते. सवलत खरी माहिती देण्याच्या बदल्यात होती. माहिती खोटी, तर सवलत परत. कलम 3ए हे त्याचेच भावंड. सभासदसंख्या दोनाच्या खाली जाऊन सहा महिने उलटले आणि हे ठाऊक असूनही सभासदाने धंदा चालू ठेवला, तर त्यानंतरच्या देण्यांना तो स्वतः जबाबदार.

स्थापनेनंतरच्या जबाबदाऱ्यांना पुस्तकाने बरोबरच अधिक पाने दिली आहेत. 30 दिवसांत संचालक मंडळाची पहिली सभा आणि पहिल्या लेखापरीक्षकाची नेमणूक. दोन महिन्यांत शेअर प्रमाणपत्रे. पहिल्या आर्थिक वर्षअखेरीपासून नऊ महिन्यांत पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा. सभेनंतर 30 दिवसांत ताळेबंद आणि 60 दिवसांत वार्षिक विवरण. वर्षभरात एक रुपयाची विक्री झाली नसली तरी लेखापरीक्षण चुकत नाही. उशीर झाला तर या दोन्ही फॉर्मांवर दिवसाला 100 रुपये चढत जातात. "कंपनी काढून ठेवली आहे, बघू पुढे" हे वाक्य म्हणूनच फार खर्चाचे आहे.

पैशांच्या शिस्तीचे प्रकरण मी प्रत्येक वाचकाला दोनदा वाचायला सांगेन. कंपनीच्या खात्यातले पैसे तुमचे नसतात, मग सगळे शेअर तुमचेच का असेनात. मुलीची फी तिथून भरली तर तो हिशेबातला व्यवहार होतो, आणि संचालकाला कर्ज देण्यावर कलम 185 ची बंधने आहेत. पैसे आत आणण्यालाही नियम आहेत. संचालकाच्या नातेवाइकाकडून प्रायव्हेट कंपनी उसने घेऊ शकते, अट एवढीच की ती रक्कम त्याने स्वतः कर्ज काढून आणलेली नाही असे तो लिहून देईल. पण नातेवाईक म्हणजे कोण हे आपले नात्यागोत्याचे जग ठरवत नाही. पती-पत्नी, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य, एवढीच ती यादी. मामा तिच्यात नाहीत, मेव्हणा नाही, साडूही नाही. त्यांचे पाच लाख सहज म्हणून खात्यात घेतले, तर ती बेकायदा ठेव ठरू शकते. त्यांना रीतसर भागधारक करून घेणे हा मार्ग उरतो.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांचा प्रश्न वारंवार येतो. लंडन किंवा न्यू जर्सीत राहून पुण्यातल्या कंपनीचे शेअर घेता येतात, संचालकही होता येते. पण देशात राहणारा एक संचालक लागतोच, आणि तिकडे सह्या केलेल्या कागदांना नोटरीची, आणि काही देशांत अपॉस्टिलचीही (कागद खरा असल्याच्या सरकारी दाखल्याची), जोड लागते. पैसे परत नेण्याच्या हक्कासह गुंतवले असतील, तर शेअर दिल्यापासून 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेला कळवावे लागते. इथल्या भावाला "तू बघून घे" म्हणून चालत नाही.

आता या सवलतीच्या कडा. बँक छोट्या कंपनीला कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी घेते, आणि त्या सहीबरोबर मर्यादित जबाबदारी त्या कर्जापुरती संपते. कंपनीचा दिवाळखोरी आराखडा मंजूर झाला तरी हमीदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. कंपनीचा चेक परतला तर कारभार पाहणारा संचालक आरोपी होतो. प्रायव्हेट कंपनीकडून आयकर किंवा जीएसटी वसूल होत नसेल, तर आपला हलगर्जीपणा नव्हता हे संचालकाला सिद्ध करावे लागते. आणि कंपनी निव्वळ मुखवटा असेल तर न्यायालय तो उतरवते. मुंबई उच्च न्यायालयाचा 1927 चा सर दिनशा माणेकजी पेटिट यांचा खटला याचे आपल्या शहरातले उदाहरण. आपल्या गुंतवणुकी त्यांनी चार खासगी कंपन्यांकडे ठेवल्या होत्या. लाभांश आणि व्याज कंपन्यांकडे जमा होई आणि कर्ज म्हणून त्यांच्याकडे परत येई. कर वाचवण्यापलीकडे त्या कंपन्या काहीच करत नव्हत्या. न्यायालयाने ते उत्पन्न पेटिट यांचेच मानले.

मग प्रत्येकाने प्रायव्हेट लिमिटेडच करावी का? मुळीच नाही. बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा नसेल आणि दोन व्यावसायिकांना एकत्र काम करायचे असेल, तर 2008 च्या कायद्याखालची एलएलपी सुटसुटीत पडते. तिथे 40 लाखांपर्यंत उलाढाल आणि 25 लाखांपर्यंत भांडवल असेल तर लेखापरीक्षणाची सक्ती नाही. एकट्याने चालवायचे असेल तर एकल व्यक्ती कंपनी आहे. 1 एप्रिल 2021 पासून ती अनिवासी भारतीय नागरिकांनाही खुली आहे. शेतकऱ्यांच्या गटासाठी उत्पादक कंपनी हा वेगळाच साचा आहे : किमान 10 उत्पादक, 5 संचालक आणि शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. सहकाराचा संस्कार आणि कंपनीची शिस्त यांचा तो मेळ. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स हे त्याचे ठळक उदाहरण. आणि ज्याचा धंदा उधारीवर चालत नाही, कर्ज नाही, जोखीम थोडी आहे, त्याने मालकी हक्काचा धंदाच चालू ठेवावा. जी सवलत वापरायची नाही तिचे मोल का भरा?

कायद्याच्या पुस्तकांना एक शाप असतो. छापून होईपर्यंत एखादा नियम बदललेला असतो. शुल्क, फॉर्मांची नावे, छोट्या कंपनीची आर्थिक मर्यादा हे तपशील अर्ज करण्याच्या दिवशी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ताडून पाहावेत. अटींमागची कारणे इतक्या झटपट बदलत नाहीत. पुस्तकाचा भर कारणांवर आहे, म्हणून ते टिकेल असे मला वाटते.

एक सूचना करून थांबतो. पहिले प्रकरण उघडण्याआधी, ज्या कंपनीला तुम्ही माल उधार देता अशा एखाद्या कंपनीचे नाव त्याच संकेतस्थळावर शोधा. संचालक आणि भांडवल फुकट दिसेल. 100 रुपये भरले की तिने दाखल केलेला एमओए, एओए, ताळेबंद, सगळी फाइल वाचायला मिळेल. कुणाची परवानगी लागत नाही, तुमचा तो हक्क आहे. वसूल भांडवल किती, कर्ज किती, ताळेबंद वेळेवर दाखल झालाय का, संचालक आणखी कोणत्या कंपन्यांत आहे, हे पाहा आणि मग ठरवा, की पुढचा माल किती दिवसांच्या उधारीवर पाठवायचा. उद्या तुमची फाइलही कुणीतरी अशीच उघडणार आहे. त्या वाचकाला काय दिसावे असे तुम्हाला वाटते, ते ठरवून मग पहिली सही करा.